सी.पी. असलेल्या मुलांच्या पालकगटासाठीचा संच: काय जसंच्या तसं घ्यावं, काय बदलावं

दोन वर्षांचं मूल मान धरत नाही, घास तोंडात गेला की ठसकतं, उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. ही सी.पी., म्हणजे सेरेब्रल पाल्सी: लहान वयात मेंदूला इजा होते आणि हालचालींवर नीट ताबा राहत नाही. अशा घराला सल्ल्यांची वाण नसते. शेजारच्या काकूंपासून गावातल्या देवऋषीपर्यंत सगळे काही ना काही सांगून जातात. वाण असते ती शेजारी बसून 'हे असं धर, चमचा इथे टेकव, आता थांब' असं दाखवणाऱ्या माणसाची. थेरपीचा आठवड्यातला पाऊण-एक तास सोडला तर बाकीचा सगळा आठवडा मूल आईच्या नाहीतर आजीच्या हातात असतं, आणि त्या हातांना कोणी काही शिकवलेलं नसतं. नेमक्या याच गरजेसाठी तयार केलेला पालकगटाचा एक संच इंटरनेटवर फुकट मिळतो. पालकगट सुरू करू पाहणाऱ्या संस्था, विशेष शिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि अंगणवाडी पर्यवेक्षिका यांच्यासाठी त्याचं हे परीक्षण.

संचाचं नाव 'गेटिंग टू नो सेरेब्रल पाल्सी'. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने बांगलादेशात स्थानिक संस्थेबरोबर काम करून तो उभा केला आणि २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. त्याचं मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप प्रांतात आहे. तिथल्या सेरेब्रल पाल्सी असोसिएशनने 'हंबिसेला' नावाचं पालकांचं प्रशिक्षण तयार केलं होतं. हंबिसेला हा खोसा भाषेतला शब्द, अर्थ साधारण 'पुढे सरकणं'. पुढे याच साच्यातून दोन भावंडं निघाली. ब्राझीलमध्ये झिका विषाणूच्या साथीनंतर जन्मलेल्या बाळांच्या कुटुंबांसाठी 'जुंतोस', आणि युगांडात अगदी लहान बाळांसाठी 'बेबी उबुंटू'. आता हे सगळं साहित्य 'उबुंटू' या एकाच नावाखाली ठेवलेलं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. गावपातळीवर गट चालवण्यासाठी हा संच घ्यावा. पण छापून काढून जसाच्या तसा वाचून दाखवला तर त्यातलं निम्मं वाया जाईल. भरवण्याचा आणि मुलाला धरण्या-बसवण्याचा भाग सोन्यासारखा आहे. मुलाचं वजन वाढवण्याच्या बाबतीत संच अपुरा पडतो, आणि सरकारी कागदपत्रांचा भाग आपल्याला स्वतःच लिहावा लागतो.

आत काय आहे

एकूण १० भाग. सी.पी. म्हणजे काय, आपल्या मुलाचं निरीक्षण, धरणं आणि बसवणं, संवाद, रोजची कामं, भरवणं, खेळ, समाजातले अडथळे, स्वतःचा पालकगट चालवणं, आणि साधनं. प्रत्येक भागात लागणारं सामान, कुठल्या कृतीला किती वेळ, काय विचारायचं आणि घरी जाताना कोणता मुद्दा लक्षात ठेवायचा हे दिलेलं आहे. चित्रं भरपूर आहेत, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या आईलाही संच आपला वाटतो. गट कसा बोलता करायचा यावरची पानं बरेच जण ओलांडून थेट 'विषयाकडे' जातात. ती आधी वाचा. पालकगट बंद पडतात ते थेरपीचं ज्ञान कमी पडल्याने नव्हे, समोरचा माणूस व्याख्यान द्यायला लागतो म्हणून.

नावात सी.पी. असली तरी संच उपयोगी पडतो तो एकापेक्षा जास्त अडचणी एकत्र असलेल्या मुलांसाठी: हालचाल, गिळणं, फिट्स, नजर, श्रवण यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम. ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या, चालत्या-फिरत्या मुलांच्या पालकांना यात बसवू नका. त्यांचे प्रश्न वेगळे असतात, आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत ते गळतात. बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आतली असतील तर थेट 'बेबी उबुंटू' घ्या. तोही दहाच भागांचा आहे, पण त्याची मांडणी बाळांच्या हिशेबाने केलेली आहे.

गट बसवताना

सहा ते दहा घरं पुरे. बारा झाली की प्रत्येक मुलाला हात लावून दाखवायला वेळ उरत नाही, आणि हात लावून दाखवणं हेच तर काम आहे. एक बैठक दोन ते अडीच तासांची. बेबी उबुंटूचा क्रम पाच-सहा महिन्यांत संपतो, घानात मोठ्या मुलांच्या गटांनी ११ महिने घेतले. दोन बैठकांत अंतर ठेवण्यामागे कारण आहे. आईने गोधडीची गुंडाळी करून मुलाला बसवून पाहायचं, ते जमत नाही हे कळायचं, आणि पुढच्या वेळी 'तो एका बाजूला कलंडतो' हा प्रश्न घेऊन यायचं. दहाही भाग पाच दिवसांच्या निवासी शिबिरात उरकले तर हा प्रश्न कधी जन्मालाच येत नाही. निधी मार्च संपायच्या आत खर्च करायचा म्हणून अशी शिबिरं घेतली जातात. तसं करण्यापेक्षा तीनच भाग नीट घ्या.

गट दोघींनी चालवावा: एक आरोग्याची किंवा थेरपीची जाणकार, आणि दुसरी अशाच मुलाची आई, जिचं मूल जरा मोठं आहे. जुंतोस आणि बेबी उबुंटू या दोन्हींचा हा कणा आहे. या आईला मानधन द्या आणि ते जाणकार बाईच्या बरोबरीने, त्याच यादीत लिहा. तिला 'मदतनीस' म्हटलं की बाकीच्या आया तिच्याकडे बघायचं सोडून मॅडमकडे बघू लागतात. 'फिट आली तर रात्री दोन वाजता काय करायचं' याचं उत्तर तिच्याकडून आलं की ते ऐकलं जातं.

जागा म्हणून अंगणवाडी किंवा समाजमंदिर चालतं. खुर्च्यांच्या रांगा नकोत, सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं. वेळ सकाळी अकराची ठेवा. पाणी, स्वयंपाक आणि मोठ्या भावंडांची शाळा उरकलेली असते आणि परतीची एसटी मिळते. येण्या-जाण्याचं भाडं त्याच दिवशी हातात द्या. मान न धरणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन दोन गाड्या बदलणाऱ्या बाईला 'पुढच्या महिन्यात खात्यात जमा होईल' हे परवडत नाही. सोबत येणाऱ्या धाकट्या भावंडांना सांभाळायला एक माणूस वेगळं ठेवा, नाहीतर त्या पोरांच्या मागे धावण्यात बैठक संपते.

सामानात जुन्या जाड गोधड्या किमान सहा, उशा, सुतळी, उथळ लहान चमचे, वाट्या, प्लास्टिकचे मऊ पेले, कात्री, पाणी आणि साबण. विकतची खास साधनं पहिल्या दिवशी मांडू नका. ती दिसली की गटाला वाटतं, हे सगळं विकत घेता आलं तरच जमेल.

बीड, अहिल्यानगर भागात गट करणार असाल तर दिनदर्शिका आधी बघा. ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास घरं निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. तिथे मे ते सप्टेंबर हाच काळ, म्हणजे पंधरवड्याला एक बैठक घ्यावी लागते. फडावर जाण्याआधी फिट्सच्या गोळ्यांचा साठा आणि मुलाची माहिती लिहिलेला एक कागद प्रत्येकीजवळ असला पाहिजे.

भरवणं

संचातला सगळ्यात मोलाचा भाग हा, आणि सगळ्यात जास्त बदल करावा लागतो तोही इथेच. यासाठी एक नव्हे, दोन बैठका ठेवा.

बैठकीला येताना प्रत्येकीने मूल घरी जे खातं तेच डब्यात आणावं. सुरुवात मात्र मोठ्यांपासून करायची. मान मागे टाका, ओठ न मिटता आवंढा गिळून पाहा. गिळता येत नाही. मग हनुवटी जराशी खाली आणा, ओठ मिटा, पुन्हा गिळा. सहज जातं. एवढ्या एका मिनिटाने 'मान मागे टाकून भरवू नका' हे वाक्य दहा वेळा सांगण्याचं काम होतं. मान मागे गेली की श्वासनलिकेचं तोंड उघडं राहतं आणि घास तिकडे घसरतो, हे आईला स्वतःच्या गळ्यात कळलेलं असतं.

आपल्याकडची खरी अडचण बोंडलं आणि पळी ही आहे. बाळाला मांडीवर आडवं घ्यायचं, बोंडल्याची चोच ओठांत द्यायची आणि ओतायचं. गिळणं चांगलं असलेल्या बाळाला ते एक वेळ चालून जातं. सी.पी. असलेल्या मुलाच्या तोंडात दूध त्याच्या गिळण्याच्या वेगाने नाही, ओतणाऱ्याच्या वेगाने जातं, आणि ओठ-जीभ आवळता येत नसल्याने ते थेट मागे वाहतं. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात घास घालणं, नाक दाबून तोंड उघडणं हेही त्याच जातीचं. मूल श्वास आत ओढतं तेव्हा घासही आत ओढतं. आजीला हे सांगताना 'तुम्ही चुकीचं करत होता' असं कधीही म्हणू नका. 'या बाळाचा गळा वेगळा आहे, त्याला जरा वेगळं लागतं' असं म्हणा. आजी दुखावली तर घरी गेल्यावर काहीच बदलत नाही.

बसवणं असं: कंबर, गुडघे आणि घोटे तिन्ही ठिकाणी काटकोन, पाठ टेकलेली, पाय हवेत न लोंबता कशावर तरी टेकलेले, मान सरळ आणि हनुवटी किंचित खाली. भरवणारी समोर, मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. आई उभी राहून किंवा वरच्या पायरीवर बसून भरवते तेव्हा मूल वर बघतं आणि मान आपोआप मागे जाते. खुर्ची नसेल तर खोलीचा कोपरा वापरा. दोन भिंती पाठीला आणि खांद्यांना धरतात, गुडघ्यांखाली गोधडीची गुंडाळी, दोन्ही बाजूंना उशा.

चमचा लहान आणि उथळ असावा. खोलगट चमच्यातला घास ओठांनी काढून घ्यावा लागतो, तेच या मुलांना जमत नाही. घास चमच्याच्या फक्त टोकाला घ्या. चमचा सरळ आत न्या, जिभेच्या मधोमध हलकासा खाली दाबा, ओठ मिटायची वाट बघा, सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर किंवा टाळूवर पुसून काढू नका. त्याने मान मागे जाते आणि जबडा चावायला आवळतो. चमचा चावून धरला गेला तर ओढू नका, थांबा, गालाला हलका हात लावा, जबडा आपोआप सैल होतो. एक घास पूर्ण गिळला गेला हे पाहूनच दुसरा.

पदार्थाचा घट्टपणा हा विषय मराठी स्वयंपाकघरातूनच शिकवायला हवा, कारण संचातली उदाहरणं आपली नाहीत. पाणी, ताक, पातळ वरण सगळ्यात अवघड, ते पटकन मागे पळतं. त्याहून अवघड म्हणजे पातळ आणि दाणेदार एकत्र: पातळ वरणात भात, ताक-भात, दुधात कुस्करलेली पोळी, दुधात बुडवलेलं बिस्किट. तोंडात द्रव आधी वाहून जातो आणि शितं मागे राहतात. मुलाने कशाचा अंदाज घ्यायचा? त्यामुळे 'वरणभातच तर देते, तरी ठसका लागतो' ही तक्रार प्रत्येक गटात येते. तोच वरणभात गुरगुट्या शिजवून, घोटून, एकजीव करून द्या. परीक्षा सोपी आहे: चमचा तिरका करा. घास एकदम वाहून गेला तर पातळ, चिकटून राहिला तर फार घट्ट, गोळा सावकाश घसरून पडला तर बरोबर. नाचणीचं सत्त्व, मुगाची मऊ खिचडी घोटून, रव्याची दाट खीर, कुस्करलेलं केळं, उकडलेला रताळ्याचा लगदा हे सगळं या परीक्षेत बसतं. शिजून गार झाल्यावर पदार्थ घट्ट होतो, म्हणून परीक्षा भरवायच्या वेळीच करायची.

पाणी कमी जातं म्हणून बद्धकोष्ठ होतं, त्याने भूक मरते. पाण्याचं काय करायचं? मऊ प्लास्टिकच्या पेल्याची एका बाजूची कड नाकाएवढी अर्धगोल कापा आणि धार बारीक सॅंडपेपरने घासून गुळगुळीत करा. पेला तिरका केला तरी नाक आत जातं आणि मान मागे न्यावी लागत नाही, पिताना पाणी दिसतंही. घोट घोट द्या. पाण्याने ठसका लागतच असेल तर तांदळाची पेज किंचित दाट करून द्या, आणि तपासणीला पाठवा.

घासाचा आकार लहान राहणार, म्हणून घासात ताकद भरावी लागते. एक चहाचा चमचा तूप किंवा तेल म्हणजे सुमारे ४५ कॅलरी. दिवसाकाठी पाच-सहा वेळा थोडं थोडं खाणाऱ्या मुलाच्या प्रत्येक वाटीत तो एक चमचा गेला तर फरक पडतो. शेंगदाण्याचा कूट घालायचा तर पिठासारखा बारीक करून, चाळून. भरड कुटाचा कण घशात अडकतो. जेवणानंतर अर्धा तास मूल उभं-बसतं राहू द्या, लगेच झोपवू नका, अन्न वर येतं.

यानंतर गटाने एक गोष्ट पाठ करायची: आपल्या हाताबाहेरचं काय. जेवताना-जेवल्यानंतर आवाज ओला, घुरघुरा होणं, डोळ्यांत पाणी येणं, ओठ काळे-निळे पडणं, वारंवार छाती भरून ताप येणं, एक जेवण अर्ध्या तासाच्या पुढे रोजच चालणं, दोन महिन्यांत वजन न वाढणं. यातलं काही असेल तर गटाच्या सल्ल्यावर थांबायचं नाही. मूल जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या केंद्रात जायला हवं. काही मुलांना नळीने भरवावंच लागतं. ती हार समजायची नाही, हे गटात उघडपणे बोललं पाहिजे.

वजनाची गोष्ट

या कार्यक्रमाचा घानामध्ये अभ्यास झाला: ८ ठिकाणचे गट, ११ महिने, दीड ते १२ वर्षांची मुलं. पालकांच्या जीवनमानात, मुलाच्या स्थितीबद्दलच्या समजेत आणि सांभाळण्याच्या आत्मविश्वासात चांगली सुधारणा दिसली. मुलांच्या वजन-उंचीत मात्र सुधारणा दिसली नाही. शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. संच निवडताना हे दोन्ही ध्यानात ठेवावं. आईला बळ मिळणं ही लहान गोष्ट नाही, त्यासाठीच गट चालवला तरी तो सार्थकी लागतो. पण अन्न घरात नसेल, किंवा मूल मुळात गिळूच शकत नसेल, तर चमचा धरायची पद्धत बदलून वजन वाढत नाही.

म्हणून आपल्या गटात मोजणी घाला. दर महिन्याला वजन: आधी आई मुलाला घेऊन काट्यावर, मग आई एकटी, आणि वजाबाकी. ताठ, वाकलेल्या मुलाची उंची नीट मोजता येत नाही, त्यात वेळ घालवू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजा. ११.५ सेंटिमीटरच्या आत भरला तर ते तीव्र कुपोषण आहे, आणि अशा मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात जागा मागायची. 'त्याला तर सी.पी. आहे, तो असाच असणार' असं उत्तर मिळालं तर मान्य करू नका. सी.पी. असलेलं मूल उपाशी राहतं तेव्हा त्याचं दुखणं उपासाचंच असतं.

धरणं, बसवणं

हा भाग संचात उत्तम जमला आहे, आणि त्यातली एक गोष्ट आपल्याकडे आयतीच आहे. मुलाला कडेवर घेणं. पाय फाकलेले, कंबर वाकलेली, हात आईच्या खांद्यावर. कात्रीसारखे पाय आवळणाऱ्या मुलासाठी हीच चांगली पद्धत. उलट, बाळासारखं दोन्ही हातांवर आडवं घेतलं की ते मागे ताणून धनुष्यासारखं होतं. मूल मोठं झालं की कडेवरून उतरून पुन्हा आडवं घेतलं जातं, तेव्हा हे आवर्जून सांगायचं.

मूठ आवळलेली असेल तर अंगठा टोकाला धरून ओढू नका. आधी मनगट आतल्या बाजूला वाकवा, बोटं सैल पडतात, मग अंगठा बुडाशी धरून बाहेर घ्या. झटक्याने ताणलं की स्नायू आणखी ताठतो, सावकाश ताणलं की सैल होतो. जोरजोरात तेल चोळून ताठपणा जातो ही समजूत खोल रुजलेली आहे. मालिश हलक्या हाताने, मायेने करायला कोणाचीच ना नाही, पण त्याने पाय मोकळे होतील या आशेवर थेरपी सोडू नये. झोपलेल्या मुलाला दोन्ही हात धरून ओढून उठवणं बंद, मान मागे लटकते. कुशीवर वळवून, खांद्याला आधार देत उठवा. एकाच स्थितीत तासन्‌तास ठेवू नका. कुशीवर झोपवून पाठीमागे गोधडीचा लोड लावला तर दोन्ही हात समोर येतात आणि मूल खेळायला लागतं.

संवाद आणि खेळ यांबद्दल थोडक्यात. संचातली कृती बरोबर आहे: दोन वस्तू समोर धरा, वाटी आणि चेंडू, आणि मूल कशाकडे बघतं याची वाट पाहा. मनात दहा आकडे मोजा. बहुतेक आया तिसऱ्या आकड्यालाच स्वतः उत्तर देतात. मात्र त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. बेरा, म्हणजे ऐकू येतं का हे पाहणारी चाचणी झालेली नाही आणि 'तो लक्षच देत नाही' असं सगळे म्हणत राहतात. मेंदूमुळे नजर कमी असलेल्या मुलाला गजबजलेल्या चित्रापेक्षा काळ्या कापडावर ठेवलेली एकच पिवळी वाटी लवकर दिसते.

फिट्सबद्दल आपल्या सवयी आपणच गटात आणायला हव्यात. कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर दवाखाना. बरं वाटलं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, अचानक बंद केल्याने जोराच्या फिट्स येतात.

जे स्वतः लिहावं लागेल

संचातल्या 'समाजातले अडथळे' या भागाला आपल्याकडे दोन पदर आहेत. पहिला, आईला दिला जाणारा दोष: ग्रहण पाळलं नाही, पाप भोवलं. याला उत्तर गटात चित्रासह द्यावं: जन्मताना बाळ न रडणं, जन्मानंतरची जास्त कावीळ, वेळेआधी जन्म, मेंदूज्वर. वडील आणि सासूबाई त्या दिवशी हजर असतील असं बघा, म्हणजे तेवढी एक बैठक रविवारी घ्या. वडिलांना 'या, ऐका' म्हणून ते येत नाहीत. कोपऱ्यात बसायची लाकडी पाटी, पुठ्ठ्याची खुर्ची करायची आहे म्हटलं की येतात, आणि हाताने काम करता करता बोलतात.

दुसरा पदर कागदांचा. यावर एक पूर्ण बैठक ठेवा, आणि आधार कार्ड, फोटो, दवाखान्याचे कागद बरोबर आणायला सांगा. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंग व्यक्तीच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज तिथेच मोबाइलवर भरा. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. मुलाला एकापेक्षा जास्त अपंगत्वं असतील तर ती सगळी प्रमाणपत्रात नोंदवली गेली का हे तपासा. फक्त 'हालचालीचं' लिहून आलं तर पुढे अडतं. लहान मुलांचं प्रमाणपत्र बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं असतं. ती तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा, कारण संपल्यावर कोणी कळवत नाही. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं, सी.पी. आणि बहुविकलांगता दोन्ही त्यात बसतात, आधीपासूनच्या आजाराची अट नाही आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. पण दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि बिलं मूळ प्रतीत जपावी लागतात. थेरपिस्टच्या सही-शिक्क्याची पावती घ्यायची सवय पहिल्या महिन्यापासून लावा. वडील पगारदार असतील तर जुन्या करपद्धतीत अपंग मुलासाठी (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८० डीडी) ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट आहे.

संच इंग्रजीतून आपल्या बोलीत आणताना शब्दशः उतरवू नका. 'पोझिशनिंग'ला 'स्थितीनिर्धारण' म्हटलं की बायका वहीत लिहून घेतात आणि विसरतात. 'बसवायची रीत' म्हटलं की आठवतं. चित्रं गटातल्याच मुलांची, पालकांच्या लेखी परवानगीने काढलेली असतील तर उत्तम. ते फोटो गटाच्या व्हॉट्सअॅपबाहेर जाणार नाहीत हे आधी ठरवा. त्या व्हॉट्सअॅप गटात लांब मजकूर टाकू नका, अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवा, तो चूल सांभाळताना ऐकता येतो.

शेवटच्या बैठकीनंतर काय, हे पहिल्याच बैठकीत बोला. महिन्याची तारीख, जागा, किल्ली कोणाकडे, वजनकाटा कोण आणणार आणि जी आली नाही तिच्या घरी कोण जाणार. मूल आजारी आहे म्हणून जी आली नाही, तिच्याकडे दुसऱ्या दिवशी जायचं, पुढच्या महिन्याची वाट बघायची नाही.